वायनऱ्या कोणत्या निवडाव्यात? नापा-सोनोमाला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत कॅलिफोर्नियातील नापा आणि सोनोमा या द्राक्षप्रदेशांच्या सहलीविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे : तेथे वायनऱ्या शेकड्यांनी आहेत, हाती एक-दोन दिवस आहेत, मग जावे कोठे? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्यांचे निम्मे उत्तर त्यातच येऊन जाते.

प्रश्न : स. न. वि. वि. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त येत्या मे महिन्यात आम्ही दोघे, माझी थोरली बहीण आणि तिचे यजमान असे चौघेजण सॅन फ्रान्सिस्कोला उतरून तेथून दोन दिवस नापा आणि सोनोमा पाहणार आहोत. ओळखीच्या मंडळींनी सुचवलेल्या आणि इकडून तिकडून उतरवून घेतलेल्या मिळून चौदा वायनऱ्यांची यादी झाली आहे. आमच्यात वाइनची चांगली जाण फक्त मेहुण्यांना आहे; बाकी तिघांना ती आवडते, पण तिच्यातले बारकावे कळत नाहीत. चौदांपैकी काय ठेवावे आणि काय गाळावे? — एक वाचिका, शिकागो

उत्तर : चौदांपैकी सहाच ठेवा, दिवसाला तीन. आपल्या उत्साहावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. यामागे साधा हिशेब आहे. एका वायनरीत बसले की साधारणपणे चार ते पाच वाइन चाखायला देतात आणि प्रत्येक वेळी पेल्यात अंदाजे ३० ते ६० मिलिलिटर ओततात. मधला ४५ मिलिलिटरचा आकडा धरला आणि तीन वायनऱ्यांत पाच-पाच वाइन घेतल्या, तर एका माणसाच्या पोटात ६७५ मिलिलिटर वाइन जाते, आणि अख्खी बाटली असते ७५० मिलिलिटरची. त्यातून नापाची कॅबर्ने सोव्हिन्यो ही लाल वाइन बहुधा १४ ते १५ टक्के अल्कोहोलची असते. म्हणजे तिसरी वायनरी संपेपर्यंत प्रत्येकाने जवळजवळ एक बाटली रिचवलेली असते. यावर उपाय आहे आणि तो मनावर घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन : चाखण्याच्या मेजावर थुंकण्यासाठी एक भांडे ठेवलेले असते, ते वापरायचे. आपल्याकडच्या संस्कारांमुळे चारचौघांत तोंडातले थुंकून टाकणे जड जाते, परंतु वाइन तयार करणारी माणसे स्वतः दिवसभर हेच करतात आणि तेथे त्याला कोणी असभ्य मानीत नाही. गाडी जो चालवणार असेल त्याने तर दुसरा विचारच करू नये; रक्तातील अल्कोहोलची ०.०८ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा वाटते त्यापेक्षा फार लवकर गाठली जाते. चौघांनाही मोकळेपणाने चाखायचे असेल, तर चालकासह गाडी ठरवणे हाच मार्ग उत्तम.

मी प्रथम गेलो तेव्हा एका दिवसात पाच ठिकाणे केली होती. त्या दिवशीच्या वहीत पहिल्या वायनरीविषयी दीड पान आहे, तिसरीविषयी चार ओळी आहेत आणि पाचवीचे नुसते नाव आहे. त्या पाचव्या ठिकाणी एका वयस्कर गृहस्थांनी तासभर आमच्याबरोबर मळ्यात उभे राहून माती हातात घेऊन दाखवली होती, एवढेच आठवते. ते काय सांगत होते यातले काहीही माझ्याजवळ उरलेले नाही, आणि याची रुखरुख मला अजून आहे.

आता कोणत्या सहा, हा खरा प्रश्न. वायनऱ्यांची नावे घटकाभर बाजूला ठेवा आणि आधी नकाशा पुढे घ्या. नापाचे खोरे सुमारे ३० मैल लांब असून रुंदीला फार तर ५ मैल आहे. पश्चिमेला मायाकामास आणि पूर्वेला वाका या डोंगररांगा आहेत, आणि दक्षिणेला खोरे सॅन पाब्लो उपसागराच्या दिशेने उघडे होते. या उघड्या तोंडातून समुद्राकडचे गार वारे आणि धुके आत शिरतात. त्यामुळे उत्तरेकडे जावे तसे थंड होत जाईल ही आपली सवयीची समजूत येथे उलटी पडते : दक्षिणेकडील कार्नेरोस गार आहे, आणि खोऱ्याच्या उत्तर टोकाच्या कॅलिस्टोगाला दुपारी चांगलेच तापते. गारव्यात पिकणारी पिनो न्वार आणि शार्दोने ही द्राक्षे दक्षिणेत, उन्हाची ओढ असलेले कॅबर्ने मध्यभागी आणि उत्तरेत, अशी लागवडीची मांडणी या धुक्याने ठरवली आहे.

म्हणून माझा सल्ला असा की पहिला दिवस संपूर्ण नापाला द्यावा आणि तीन वायनऱ्या दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातील अशा निवडाव्यात, म्हणजे ऊन वाढत गेले की पेल्यात काय बदलते ते एका दिवसात जिभेलाच कळते. सकाळी दहाच्या सुमारास कार्नेरोसमध्ये फसफसणाऱ्या वाइनपासून सुरुवात करा. फ्रान्समधील शॅम्पेनच्या टेटिंजे घराण्याने १९८७ मध्ये उभारलेली डोमेन कार्नेरोस ही तेथील प्रसिद्ध वायनरी आहे. उंचवट्यावर उभ्या असलेल्या त्या वास्तूच्या गच्चीवरून सकाळचे धुके विरत जाताना मळ्यांच्या ओळी एकेक करून उघड्या पडतात, आणि एवढ्या थंडाव्यात पिकलेल्या द्राक्षांना आंबटपणा का राहतो हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. हलकी, आंबटसर वाइन सकाळी आणि जड, तुरट वाइन दुपारी हा क्रम जिभेच्याही सोयीचा आहे; उलट केले तर कॅबर्नेच्या तुरटपणानंतर पांढरी वाइन पाणचट लागते.

दुपारच्या आधीची किंवा जेवणानंतरची दुसरी वायनरी रदरफर्ड किंवा ओकव्हिल या मधल्या पट्ट्यातली असू द्या. येथे इतिहासही हाताशी आहे : इंगलनूक १८७९ ची आहे, ब्युलिय व्हिनयार्ड १९०० ची. यांपैकी एक आपल्या यादीत असली तर ती ठेवा, दोन्ही असल्या तर एक गाळा. एकाच पट्ट्यातली, एकाच द्राक्षाची, एकाच थाटाची दोन ठिकाणे पाहून हाती विशेष काही लागत नाही.

तिसरी वायनरी मेहुण्यांना निवडू द्या. जाणकार माणसाला एखादे ठिकाण त्याच्या मनाचे मिळाले की उरलेली पाच तो आनंदाने तुमच्यावर सोडतो. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवता येतील. एक, हॉवेल माउंटनसारखी डोंगरावरची वायनरी. या उपविभागाची हद्दच समुद्रसपाटीपासून १,४०० फुटांवर सुरू होते, मळे बहुधा धुक्याच्या वर असतात, आणि तेथील कॅबर्ने खोऱ्यातल्यापेक्षा अधिक तुरट आणि घट्ट बांध्याची असते. दुसरा, कॅलिस्टोगाची शॅटो माँटेलेना. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नाव न पाहता वाइन चाखल्या, तेव्हा पांढऱ्यांत माँटेलेनाची १९७३ ची शार्दोने आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली होती, आणि कॅलिफोर्नियाकडे पाहण्याची जगाची नजर त्या दिवसापासून बदलली. तुमची सहल मे महिन्यातच असल्याने मेहुण्यांना हे ठिकाण पसंत पडेल असा माझा कयास आहे.

आणि येथेच दुसऱ्या दिवसाचे सूत्र सापडते. पॅरिसमध्ये जिंकलेल्या त्या शार्दोनेची बरीचशी द्राक्षे नापाची नव्हती, ती शेजारच्या सोनोमा परगण्यातून आणलेली होती. तेव्हा दुसरा दिवस सोनोमाला द्या, परंतु संपूर्ण सोनोमा पाहण्याचा मोह टाळा, कारण हा परगणा नापाच्या मानाने खूप पसरलेला आहे आणि त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यातच दिवस मावळतो. हील्ड्सबर्ग हे गाव मध्यवर्ती ठिकाण म्हणून धरा. रशियन रिव्हर, ड्राय क्रीक आणि अलेक्झांडर अशी तीन खोरी त्याच्याजवळ येऊन मिळतात. सकाळी रशियन रिव्हरच्या गार पट्ट्यातील पिनो न्वारची एक वायनरी, दुपारी ड्राय क्रीकमधील झिनफँडेल या लाल वाइनच्या द्राक्षाच्या जुन्या वेलींची एक वायनरी, आणि संध्याकाळी हील्ड्सबर्गच्या चौकाभोवती असलेल्या चाखण्याच्या दालनांपैकी एखादे, असे केले की तिसऱ्या ठिकाणी गाडी लागत नाही. झिनफँडेलच्या जुन्या वेली मात्र जवळ जाऊन पाहा. त्यांना तारांचा आधार नसतो. मनगटाहून कितीतरी जाड, पिळवटलेले खोड कमरेएवढे वाढून थांबलेले असते आणि मे महिन्यात त्यातून कोवळ्या पोपटी फांद्या चारी बाजूंना फुटलेल्या दिसतात.

या सहांत किमान एक वायनरी अशी असावी, की जेथे वाइन तयार करणारी व्यक्तीच तुमच्याशी बोलते. मोठ्या, नावाजलेल्या वायनऱ्यांत प्रशिक्षित माणसे उत्तम माहिती देतात, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. तरीही लहान ठिकाणी जे घडते ते तेथे बहुधा घडत नाही. अशा एका लहान वायनरीत मालकीणबाईंनी काचेची लांब नळी पिंपाच्या तोंडातून आत सोडली, वरच्या टोकावर अंगठा दाबला आणि वाइन वर ओढून आमच्या पेल्यांत सोडली. मग शेजारच्या पिंपातून तसेच केले. दोन्ही पिंपांतील द्राक्षे एकाच मळ्यातली, एकाच पहाटे खुडलेली. फरक इतकाच की पहिले पिंप नव्या फ्रेंच ओकचे होते आणि दुसरे चार हंगाम वापरलेले. पहिल्या घोटात व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास इतका होता की द्राक्ष शोधावे लागले. दुसऱ्यात नुसते पिकलेले फळ होते. “विकताना मी ही दोन्ही मिसळते, किती आणि कधी, ते माझे काम,” असे म्हणून त्यांनी पिंपाचे बूच हाताने ठोकून बसवले. अशा एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे सुमारे ३०० बाटल्या वाइन मावते आणि नव्या फ्रेंच पिंपाला हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, हेही त्यांनीच सांगितले. ज्या तिघांना बारकावे कळत नाहीत असे आपण लिहिले आहे, त्यांना ते अशा दहा मिनिटांत कळतील याची मला खात्री आहे.

अशा भेटीसाठी आधी वेळ ठरवावी लागते, आणि यामागे कायदा आहे. नापा परगण्याने खोऱ्यातील जमीन १९६८ मध्येच शेतीसाठी राखून ठेवली आणि १९९० च्या वायनरीविषयक नियमाने त्यानंतर परवानगी मिळालेल्या वायनऱ्यांना पूर्वनियोजित भेटीखेरीज पाहुणे घेण्यास मनाई केली. त्यामुळे दारात जाऊन उभे राहिल्यावर नकार मिळाला तर तो तुसडेपणा समजू नये. जुन्या वायनऱ्यांना ही अट लागू नाही, तरी अलीकडे त्यांच्यापैकीही अनेकजण आधी वेळ घ्यायला सांगतात. तीन-चार आठवडे आधी लिहा आणि लिहिताना तीन गोष्टी विचारा : किती वेळ लागेल, मळ्यात किंवा तळघरात नेणार की फक्त मेजावर बसवणार, आणि आमच्याबरोबर आणखी किती लोक असतील. या तीन उत्तरांवरून चौदांतल्या पाच-सहा वायनऱ्या आपोआप गळतील.

रस्त्याविषयी एकच सूचना करतो. नापात २९ क्रमांकाचा महामार्ग आणि सिल्व्हराडो ट्रेल असे दोन रस्ते जवळजवळ समांतर जातात. महामार्गावर शनिवार-रविवारी दुपारी सेंट हेलेनाच्या आसपास गाड्या खोळंबतात, आणि सिग्नल नसलेल्या ठिकाणी डावीकडे वळायचे म्हटले तर ताटकळत राहावे लागते. शक्यतो मंगळवार-बुधवार धरा, उत्तरेकडे जाताना उजव्या हाताच्या वायनऱ्या घ्या आणि परतीला सिल्व्हराडो ट्रेलने या. भेटींमध्ये किमान पाऊण तासाची फट ठेवा. आणि मधे व्यवस्थित जेवा.

प्रश्न : वायनरी म्हणून मोठ्या हौसेने आम्ही ज्या ठिकाणी गेलो, तेथे वाइन तयारच होत नव्हती, फक्त सुंदर दालन आणि लेबले होती. पुढच्या खेपेस अशी फसगत टाळण्यासाठी आधीच काही ओळखता येते का? — एक वाचक, डॅलस

उत्तर : येते, आणि त्यासाठी बाटलीवरचे लेबल वाचायला शिकले की पुरते. अमेरिकेच्या नियमांत तेथील प्रत्येक शब्द तोलून ठरवलेला आहे. ‘एस्टेट बॉटल्ड’ असे लिहिले असेल, तर सर्व द्राक्षे त्या वायनरीच्या मालकीच्या किंवा तिच्या ताब्यातील मळ्यांतली असतात, मळा आणि वायनरी एकाच अधिकृत द्राक्षक्षेत्रात असतात, आणि गाळण्यापासून बाटलीत भरण्यापर्यंत सगळे तेथेच झालेले असते. ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ याचा अर्थ असा, की किमान ७५ टक्के वाइन त्यांनी स्वतः आंबवली आहे. द्राक्षे मात्र विकतची असू शकतात. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिंटेड’ हे शब्द आले, तर वाइन दुसऱ्या कोणी आंबवून दिलेली असण्यास नियमाची हरकत नाही. आपण ज्या ठिकाणी गेलात, तेथील बाटलीवर बहुधा या शेवटच्यांपैकी एखादा शब्द असेल. घरी एखादी बाटली असल्यास आजच पाहा.

यावरून विकतची द्राक्षे म्हणजे हलका माल, असा अर्थ मात्र काढू नये. सोनोमातील पिनो न्वारच्या अनेक नामांकित वाइन अशा लोकांनी केलेल्या आहेत, ज्यांच्या नावावर एक वेलही नाही. ते चांगल्या मळेवाल्यांकडून वर्षानुवर्षे द्राक्षे घेतात आणि मळ्याचे नाव मानाने लेबलावर छापतात. काहींना स्वतःची इमारतही नसते, ते दुसऱ्याच्या वायनरीत जागा आणि यंत्रे भाड्याने घेऊन काम करतात. त्यांना गावातल्या लहान दालनात भेटणे हा तुमच्या फसगतीच्या अगदी उलट अनुभव ठरू शकतो. फक्त आपण काय पाहायला चाललो आहोत ते आधी ठाऊक असावे. मळा आणि यंत्रे पाहायची असतील तर ‘एस्टेट बॉटल्ड’ वाइन करणारी वायनरी निवडा. माणसाचे कसब पाहायचे असेल तर दालन चालेल.

लेबलावरचे क्षेत्राचे नावही कामाचे आहे. नापा व्हॅली या क्षेत्राला १९८१ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, आणि ते नाव लावायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच क्षेत्रातली असावी लागतात. त्याच्या पोटात रदरफर्ड, ओकव्हिल, हॉवेल माउंटन अशी लहान क्षेत्रे आहेत. लेबलावर असे लहान क्षेत्र, त्याहूनही पुढे जाऊन एकाच मळ्याचे नाव असेल, तर त्या वायनरीला आपल्या जमिनीविषयी सांगण्यासारखे काही आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : मी मद्य घेत नाही. पतीला मात्र वाइनची आवड आहे आणि बरोबर आमचा नऊ वर्षांचा मुलगाही असेल. आम्हा दोघांना कंटाळा येणार नाही अशा वायनऱ्या नापात आहेत का, की आम्ही दोघांनी दुसरीकडे जावे? — एक वाचिका, सिॲटल

उत्तर : ताई, दुसरीकडे जाण्याचे काही कारण नाही. मात्र तीनऐवजी दोनच वायनऱ्या करा आणि त्या पाहण्याजोग्या निवडा. चाखायला कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मुलांना आवारात घ्यायचे की नाही हे मात्र प्रत्येक वायनरी आपापले ठरवते, आणि अनेक लहान वायनऱ्या मुलांना मुळीच घेत नाहीत. तेव्हा वेळ ठरवतानाच मुलाचे वय कळवा आणि आपण चाखणार नाही हेही सांगा, कारण काही ठिकाणी न पिणाऱ्या पाहुण्याचे शुल्क घेत नाहीत किंवा कमी घेतात.

कॅलिस्टोगाजवळ कास्तेल्लो दी आमोरोझा नावाची वायनरी २००७ मध्ये सुरू झाली. तेराव्या शतकातील इटलीच्या टस्कनीतल्या किल्ल्याच्या धर्तीवर ती बांधलेली असून तिच्यात १०७ दालने आहेत. बुरूज, खंदक, उचलता पूल असे सगळे आहे. वाइनच्या जाणकारांना हा देखावा खटकतो, परंतु नऊ वर्षांच्या मुलाला तो आयुष्यभर लक्षात राहील, आणि या सहलीत त्याचाही वाटा आहे. तेथून जवळच स्टर्लिंग व्हिनयार्ड्स ही वायनरी टेकडीवर आहे आणि तेथे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात बसून जातात. २०२० च्या वणव्यात तिचे नुकसान झाले होते. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

आपल्याला स्वतःला इतिहासात रस असेल तर सेंट हेलेनाची १८७६ ची बेरिंजर वायनरी सुचवीन. तेथे डोंगराच्या पोटात खोदलेले बोगदे आहेत आणि आत भर उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते इतका गारवा असतो. हे बोगदे चिनी मजुरांनी हातांनी खोदले. पहारीचे घाव अजून भिंतीवर दिसतात. त्यांवरून हात फिरवताना, ज्यांच्या श्रमांवर हे खोरे उभे राहिले त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत हे जाणवल्याशिवाय राहत नाही. मुलाला हे अवश्य सांगा.

प्रश्न : चाखण्याचे शुल्क फार वाढले आहे असे ऐकतो. शुल्क दिल्यावर बाटली घेणे बंधनकारक असते का? आणि शेवटी सभासद होण्याचा आग्रह करतात, त्याला नाही कसे म्हणावे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नापात माणशी ५० डॉलर ही आता नेहमीची गोष्ट आहे, जेवणाच्या पदार्थांसह किंवा तळघरातील खास भेटींना १०० डॉलरांच्या वरही पडतात, सोनोमात सामान्यतः कमी पडते. शुल्क दिले की आपण देणे फेडलेले असते, बाटली घेण्याचे बंधन राहत नाही. चाखणे पूर्वी फुकट असे, त्या काळी एखादी बाटली घेणे हा शिष्टाचार होता आणि तो संकोच अनेकांच्या मनात अजून राहून गेला आहे. काही वायनऱ्यांत ठरावीक खरेदी केली की शुल्क माफ होते, एवढे मात्र विचारून घ्यावे. दोघांत एकच संच वाटून घेतला तर चालेल का, हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी चालते, आणि पैसे व वाइन दोन्ही निम्म्यावर येतात.

सभासदत्वाचा, म्हणजे ठरावीक काळाने वाइन घरी पाठवण्याच्या योजनेचा, अर्ज पुढे आला तर “आभारी आहोत, आज नको” एवढे पुरते. कारणे देत बसू नका. वाइन खरोखर मनापासून आवडली असेल, आणि ती त्या वायनरीबाहेर कोठेही मिळत नसेल, तरच वर्षातून दोन-चार वेळा खोके घरी येऊ देण्यात अर्थ आहे. आणि तेही आपल्या राज्यात पाठवता येते का ते विचारून. ठरलेली भेट रद्द करायची झाल्यास दोन-तीन दिवस आधी कळवावे लागते, अन्यथा कार्डावरून शुल्क कापले जाऊ शकते.

प्रश्न : द्राक्षांची खुडणी पाहण्यासाठी सप्टेंबरमध्ये जावे असे मनात आहे. त्या दिवसांत वायनऱ्या निवडताना काही वेगळे पाहावे लागते का? — एक वाचक, बॉस्टन

उत्तर : होय, थोडे वेगळे पाहावे लागते. खुडणी ऑगस्टमध्ये फसफसणाऱ्या वाइनच्या द्राक्षांपासून सुरू होते आणि ऑक्टोबरमध्ये डोंगरावरच्या कॅबर्नेपर्यंत चालते. सप्टेंबरच्या मध्यावर कार्नेरोस बहुधा उरकत आलेले असते आणि रदरफर्डमध्ये गडबड सुरू होत असते. म्हणून खुडणी पाहायची तर त्या वेळी मध्य आणि उत्तर नापातल्या वायनऱ्या निवडाव्यात. वाइन करणारी माणसे या सहा-आठ आठवड्यांत धड झोपलेलीही नसतात, तेव्हा लहान वायनरीत मालकाशी निवांत गप्पा होतील अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या मोठ्या वायनऱ्या या काळात वेगळी फेरी ठेवतात त्या अधिक सोयीच्या. या दिवसांत गर्दी फार असते, म्हणून दोन महिने आधी वेळ घ्या. हाच काळ वणव्यांचाही आहे. २०१७ आणि २०२० मध्ये फार मोठे नुकसान झाले. रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशाच आरक्षणांना प्राधान्य द्यावे.

आणखी एक. द्राक्षे गार असतानाच खुडावी लागतात, म्हणून बरेचसे काम रात्री दिव्यांच्या उजेडात चालते आणि सकाळी नऊपर्यंत संपलेले असते. आपण अकराला पोहोचलात तर रिकाम्या ओळी तेवढ्या दिसतील. त्या दिवशीचा मुक्काम सेंट हेलेना किंवा कॅलिस्टोगाला करा, दिवसातली पहिली भेट मिळेल तितकी सकाळची घ्या, आणि वायनरीला लिहिताना द्राक्षे उतरवून घेण्याचे काम आम्हाला पाहता येईल का असे स्पष्ट विचारा. होकार आला तर पायांत बंद बूट घालून जा. तेथील फरशी सतत ओली आणि द्राक्षाच्या रसाने चिकट झालेली असते.